आधी तुमची बाटली भरा

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

आमचे आप्पा म्हणाले, "लॅबमदी हाय. मोठाल्या कंपन्यांतल्या कामगारांची तब्येत बघतो."

यात खोटं काहीच नव्हतं. तब्येत बघताना मुलगा नेमकं काय हातात धरतो, एवढंच आप्पांनी सांगितलं नाही. शेफालीला ते लग्नानंतर कळलं. एकदा लॅब बंद झाली म्हणून मी सॅम्पलची थंड पेटी वारज्याच्या घरी आणून ठेवली होती. नवऱ्यानं आइस्क्रीम आणलं असेल, अशा भाबड्या आशेनं तिनं झाकण उघडलं. त्यानंतर बरेच दिवस ती मला जेवायला वाढताना आधी माझ्या हातांकडे बघायची.

तर मी मच्छिंद्र काळभोर. राहणारा वारज्याचा, मूळ लोणी काळभोरचा. कारखान्यांच्या दारात उभं राहून कामगारांची लघवी गोळा करणं हा माझा व्यवसाय. छपाईची शाई, रंग, गोंद यांत सॉल्व्हंट असतं. आपण त्याला सरसकट थिनर म्हणतो. त्याची वाफ श्वासातून अंगात जाते, हाताला लागलं तर कातडीतूनही जाते. शरीर त्याची मोडतोड करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून शिफ्ट सुटताना बाटलीत लघवी घ्यायची आणि त्यात हे अवशेष किती आहेत ते मोजायचं. हवा तपासली तर हवेत किती आहे ते कळतं, लघवी तपासली तर माणसात किती आहे ते कळतं. हे वाक्य आमच्या डॉक्टरांचं आहे. पण मी ते इतक्या कारखान्यांत वापरलंय की आता मला ते माझंच वाटतं.

बोलण्याची मला हौस आहे. बाटल्या वाटण्याआधी मी छोटं भाषण करतो. छोटं असं मी म्हणतो. ज्यांना शिफ्टनंतर बस पकडायची असते त्यांचं मत वेगळं आहे.

गेल्या वर्षी थंडी सुरू होताना धायरीच्या बाजूच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. वेफर्स आणि मसाल्यांच्या प्लास्टिकच्या पाकिटांवर छपाई करणारा मध्यम आकाराचा कारखाना. शाईत टोल्युइन नावाचं सॉल्व्हंट. तिथले सुपरवायझर साईनाथ पायगुडे यांनी छपाईच्या विभागातल्या अकराजणांना माझ्यासमोर उभं केलं. मी मित्रांनो म्हणून सुरुवात केली. डोकं दुखणं, चक्कर, विसराळूपणा, चिडचिड, सगळं सांगितलं. नाकाला रुमाल बांधून वाफ अडत नाही, त्यासाठी वेगळा मास्क लागतो, हे सांगताना मी रुमालाची जरा टिंगलही केली. पहिल्या रांगेत सर्जेराव नावाचे सगळ्यांत जुने मशीन ऑपरेटर होते. माझं संपल्यावर ते म्हणाले, "झालं का? मग जाऊ?"

ते बाटल्या घेऊन गेले आणि आश्चर्य वाटावं इतक्या लवकर परत आले. एरवी या कामात माझा जीव जातो. कोणाला होत नाही, कोणाला लाज वाटते, कोणी बाटली सांडतो. इथं पंधरा-वीस मिनिटांत अकराही बाटल्या पेटीत. सगळ्या एकाच रेषेपर्यंत भरलेल्या. मला त्यांच्या शिस्तीचं फार कौतुक वाटलं. मी पायगुड्यांना म्हणालोसुद्धा, "भाषणाचा परिणाम असतो."

लॅबमध्ये येऊन मी साध्या तपासणीसाठी पट्ट्या बुडवायला घेतल्या. पहिल्या बाटलीत साखर. दुसरीतही साखर. पुढं अकराव्या बाटलीपर्यंत साखरच. आपल्या हातून काहीतरी शोध लागतोय असं वाटायला लागलं. टोल्युइननं मधुमेह होतो, हे जगात अजून कोणाला माहीत नसेल. ते धायरीत सापडलं आणि मला सापडलं. डॉक्टरांना विचारायची तसदी न घेता मी पायगुड्यांना फोन लावला.

"साहेब, नावं सांगता येणार नाहीत, पण तुमच्या विभागात मधुमेहाचं प्रमाण चिंताजनक आहे."

"कितीजणांना?"

"सगळ्यांना."

पायगुडे म्हणाले, "अहो, तो ज्ञानदेव कालपरवा मिसरूड फुटलेला पोरगा आहे."

"हल्ली तरुणांतही फार आढळतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या अक्षतानं मला तिच्या खोलीत बोलावलं. अक्षता म्हणजे लॅबमधलं मोठं मशीन चालवणारी. तिचं बोलणं मोजकं, आणि त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल असतं. लघवी पातळ आहे की दाट, हे कळावं म्हणून प्रत्येक बाटलीतलं क्रिएटिनिन मोजावं लागतं. ते प्रत्येक माणसात वेगळं निघतं. तिनं आकड्यांचा कागद माझ्यापुढं सरकवला. अकराही आकडे जवळपास सारखे.

"टोल्युइन कोणातच नाही," ती म्हणाली. "साखर सगळ्यांना. क्रिएटिनिन सगळ्यांचं एक. काय वाटतं तुला?"

मी माझा शोध तिला सांगितला. तिनं तो पूर्ण ऐकून घेतला. ते तिनं मुद्दाम केलं.

"असंही असू शकतं," ती म्हणाली, "किंवा मग, मच्छिंद्र, बाटल्या अकरा आहेत आणि माणूस एक आहे."

पायगुड्यांना परत फोन करून मधुमेहाची साथ मागे घेणं, हे मी आयुष्यात केलेल्या अवघड कामांपैकी एक आहे. त्यांनी फार त्रास दिला नाही. फक्त म्हणाले, "म्हणजे भाषणाचा परिणाम नव्हता तर."

मी पुन्हा धायरीला गेलो. या वेळी पेटी घेतली नाही, भाषणही केलं नाही. सर्जेरावांना गेटबाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेलो आणि सरळ विचारलं, "कोणाची होती?"

सर्जेरावांनी फुंकर मारून चहा प्यायला. "बाळकाकांची. वॉचमन."

"त्यांचीच का?"

"ते दारूला शिवत नाहीत. आम्हाला वाटलं, दारू तपासताय. तुम्ही बोललात बरंच, पण दारूसाठी नाही असं कुठं म्हणालात?"

खरंच म्हणालो नव्हतो. मेंदू, मज्जातंतू, यकृत, सगळं झालं होतं. ज्यासाठी माणसं घाबरली होती तेवढंच राहिलं होतं.

"आणि दुसरं," सर्जेराव म्हणाले, "बाळकाकांना कधीही सांगा, तयार. दर थोड्या वेळानं जातातच. पाणीही सारखं पितात. एका दमात सहा बाटल्या, मग तांब्याभर पाणी, थोडं थांबून बाकीच्या."

इथं माझ्या डोक्यात काहीतरी पेटायला हवं होतं. सारखी तहान, सारखी लघवी, लघवीत साखर. मी मात्र कपाळाला हात लावून हसत बसलो. संध्याकाळी डॉक्टरांना किस्सा म्हणून सांगितला तेव्हा ते हसलेच नाहीत. म्हणाले, "मच्छिंद्र, त्या वॉचमनना उद्या आणा." बाळकाकांची रक्तातली साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी त्यांना तिथूनच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पायाला एक जखम होती, ती ते कितीतरी दिवस हळद लावून बरी करायला बघत होते. पाय थोडक्यात वाचला. नंतर मला भेटले तेव्हा बाळकाका म्हणाले, "अकराजणांत वाटली तरी गोडी गेली नाही, काय?" त्यांचा जीव वाचवल्याचं श्रेय कारखान्यात लोक मला देतात. मी ते नाकारत नाही, पण त्या विषयावर भाषणही करत नाही.

त्या दिवशी टपरीवर चहा संपवताना सर्जेरावांनी विचारलं होतं, "नंबर जास्त आला तर माणूस घरी जाणार का? मागं एका कंपनीत माझ्या मेहुण्याला तसंच काढलं. तपासणी झाली, पुढच्या महिन्यात गेट बंद."

"नाही जाणार," मी म्हणालो. असं आश्वासन देण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

सर्जेरावांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग असं करा. आधी तुमची बाटली भरा. आमच्यासमोर. तुम्ही दिली तर आम्ही देतो."

"अवश्य," मी म्हणालो. यात काय अवघड आहे, असं मला वाटलं. हजारो लोकांकडून घेतलीय, एकदा द्यायची.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी अर्धी रजा घेतली होती. त्याचं कारण स्कूटर. आप्पांची एक जुनी स्कूटर लोणीच्या गोठ्यात पडून होती. तिच्यावर फुलांच्या पाट्या बांधून ते पहाटे मार्केट यार्डात जायचे. ती दुरुस्त करून, रंगवून आप्पांना अचानक दाखवायची असं मी मनावर घेतलं होतं. इंजिन गॅरेजवाल्याकडे दिलं. रंगकाम मात्र आपलं आपण करायचं, कारण मी व्हिडिओ बघितले होते. बाजूचे पत्रे, मडगार्ड, हँडलचं झाकण असं सगळं चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बंद बाल्कनीत आणलं. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, दाराच्या फटीत जुनं बेडशीट कोंबलं, नाकाला रुमाल बांधला आणि छोट्या स्प्रे गननं फवारायला बसलो.

शेफालीनं बाहेरून दार वाजवलं. "केवढा वास येतोय. संस्कृती खोकतेय."

"वास आला म्हणजे धोका असतोच असं नाही," मी आतून म्हणालो. "याच्या मर्यादा ठरलेल्या असतात. मी याच क्षेत्रात आहे."

ती आमच्या मुलीला, संस्कृतीला घेऊन खाली बागेत गेली. गेले तीन आठवडे जमेल तेव्हा हेच चाललं होतं, त्या दिवशीही मी दुपारपर्यंत रंगवत बसलो. मधे डोकं हलकं हलकं झालं, उगाच बरं वाटायला लागलं, आप्पांच्या आठवणीनं डोळे भरून आले. मला वाटलं हे पितृप्रेम. मग निघायची वेळ झाली तशी हातावरचा निळा रंग निघेना, म्हणून थिनरमध्येच कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट बदलला आणि धायरीला गेलो.

सगळी शिफ्ट संडासाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी होती. मी बाटलीवर स्वतःचं नाव लिहिलं, सर्वांना दाखवलं आणि आत गेलो. आणि काही झालं नाही.

जेवढा म्हणून प्रयत्न करावा तेवढं आतून सगळं बंद होत गेलं. बाहेर शांतता. मग कोणीतरी खाकरलं. मग सर्जेरावांचा आवाज आला, "साहेब, सावकाश होऊ द्या. आम्हाला घाई नाही." ते ऐकून होतं तेही गेलं. मी बाहेर येऊन पाणी प्यायलो. परत आत. परत बाहेर. चहा आला, तो प्यायलो. कोणीतरी कोल्ड्रिंक आणून दिलं. पायगुडे केबिनमधून येऊन बघून गेले. शेवटी सर्जेरावांनी शेजारचा नळ बारीक सोडला आणि लहान मुलाला करतात तसा तोंडानं शूऽऽ असा आवाज काढायला लागले. हळूहळू बाकीच्यांनीही सूर धरला. शिफ्टमधले अकरा पुरुष माझ्यासाठी शूऽऽ करत होते, आणि त्या आवाजात माझी बाटली एकदाची भरली. मी ती घेऊन बाहेर आलो तेव्हा टाळ्या वाजल्या. मी इतकी वर्षं भाषणं करतोय, टाळ्या त्या दिवशी पहिल्यांदा मिळाल्या.

त्यानंतर सगळ्यांनी सॅम्पल दिलं. आपापलं. कोणाला लवकर झालं, कोणाला उशिरा. ज्यांना उशीर झाला त्यांना मी काही बोललो नाही.

आठवड्यानं अक्षतानं परत बोलावलं.

"खरी माणसं आहेत या वेळी," ती म्हणाली. "सातजण ठीक. पाचजण मर्यादेच्या वर. सगळ्यांत वर कोण असेल सांग."

"ज्ञानदेव," मी लगेच म्हणालो. ज्ञानदेव यवतमाळकडचा, शाई कालवण्याच्या खोलीत काम करणारा पोरगा. दिवसभर ड्रम आणि तो.

"ज्ञानदेव दुसरा आहे," अक्षता म्हणाली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

त्यानंतर मी जे बोललो ते मी कामगारांकडून शेकडो वेळा ऐकलंय आणि मनातल्या मनात हसलोय. आधी म्हणालो, बाटली बदलली असेल. तिनं विचारलं, "नाव कोणी लिहिलं?" मी लिहिलं होतं. मग मला कोल्ड्रिंक आठवलं. टोल्युइनमुळे लघवीत जो मुख्य पदार्थ वाढतो, तोच कोल्ड्रिंक आणि सॉसमध्ये टिकाऊपणासाठी जे घालतात त्यानंही वाढतो. हे मी अतिशय विद्वत्तापूर्ण आवाजात सांगितलं.

"म्हणून मी दुसराही पदार्थ मोजला," ती म्हणाली. "तो फक्त टोल्युइननं वाढतो. त्यातही तूच वर."

"मशीन एकदा बघून घेतेस का?"

"बाळकाका पकडले तेव्हा मशीन चांगलं होतं ना?" मग तिनं विचारलं, "मच्छिंद्र, त्या दिवशी सकाळी तू काय करत होतास?"

मी स्कूटरचं सांगितलं; त्या रंगाच्या थिनरमध्येही टोल्युइनच होतं. खिडक्यांना लावलेल्या वर्तमानपत्रांचं सांगितलं. रुमालाचं सांगताना आवाज खाली गेला. थिनरनं हात धुतल्याचं मी सांगणार नव्हतो, पण ती माझ्या नखांकडेच बघत होती. कडांना निळा रंग अजून होता.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "घरात मुलगी आहे ना लहान?"

त्या दिवशी वारज्याला जाताना मी पुलावरून फार हळू गाडी चालवली. गेले काही दिवस दुपारी डोकं धरायचं, मधेच चक्कर यायची, गॅसवर दूध ठेवून विसरत होतो, चिडचिड वाढली होती. मला वाटायचं कामाचा ताण. ही सगळी लक्षणं मी ज्या क्रमानं भाषणात सांगतो त्याच क्रमानं मला होत होती, आणि मी ती ओळखली नव्हती. बाल्कनीला लागून आमची झोपायची खोली आहे. संस्कृतीची गादी त्याच भिंतीला.

शेफालीला सांगितलं. तिनं कुकरचा गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली.

"म्हणजे मी महिनाभर जे नाकानं सांगत होते," ती म्हणाली, "त्याला तुम्हाला लघवी तपासावी लागली."

"हो."

"आणि मर्यादा?"

"ओलांडली."

"किती?"

मी आकडा सांगितला. ती उठली, बाल्कनीचं दार उघडलं आणि खिडक्यांवरची वर्तमानपत्रं एकेक करून फाडायला लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "तुम्ही लांब बसा." डॉक्टरांनी संस्कृतीला तपासलं. ती ठीक होती. खोकलाही चार दिवसांत गेला. स्कूटरचे पत्रे मी खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवले, तर सोसायटीनं फळ्यावर सूचना लावली: "भंगार ठेवणाऱ्यांनी ते स्वतःच्या घरात ठेवावे. घर लहान पडत असल्यास मोठे घर घ्यावे."

निकाल सांगायला आम्ही धायरीला गेलो. प्रत्येकाचा आकडा डॉक्टर एकेकाला आत बोलावून सांगणार होते, कारण तो त्याचा खासगी असतो. माझा आकडाही माझा खासगी होता. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचे चेहरे बघितले, विशेषतः ज्ञानदेवचा. तो हातातल्या टोपीचा गोळा करून पिळत होता. मी म्हणालो, "आत जायच्या आधी एक सांगतो. सगळ्यांत जास्त नंबर माझा आलाय."

आधी कोणाचा विश्वास बसला नाही. मग मी सगळं सांगितलं, वर्तमानपत्रं, बेडशीट, रुमाल. रुमाल म्हटल्यावर सर्जेरावांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मग सगळेच हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "हात तर आपणही थिनरनंच धुतो की." दुसरा म्हणाला, साबणानं शाई निघतच नाही. तिसऱ्यानं खिशातून थिनरची चिंधी काढून दाखवली. ती दिवसभर त्याच्या मांडीला लागून असायची. माझ्या कुठल्याही भाषणानंतर इतकी माहिती बाहेर आली नव्हती.

ज्ञानदेव सगळ्यात शेवटी बोलला. "मी बी पेपर लावला जी."

"कुठं?"

"पंख्याले. हवा बाहेर फेकाचा पंखा हाय ना खोलीत, तो बंद करून भोकाले पुठ्ठा लावला. थंडीचा वारा मानेवर ये. मले वाटलं, कोणाले काय फरक पडते."

त्याला रोज संध्याकाळी मळमळायचं, डबा तसाच परत जायचा. घरची आठवण येते म्हणून जेवण जात नाही, असं त्यानं स्वतःलाच समजावलं होतं. रात्री आईशी फोनवर बोलताना काय बोलायचं तेच विसरायचा. आईला वाटायचं, पोरगा पुण्यात जाऊन बदलला.

डॉक्टरांनी त्याला काही आठवडे पॅकिंगच्या विभागात पाठवायला सांगितलं. पायगुड्यांनी मान डोलावली, पण पंख्याचं नाव काढल्यावर म्हणाले, "पंखा चालवला की शाई वाळते. थिनर डबल लागतं. वरचे लोक मला विचारतात." डॉक्टर म्हणाले, तो पंखा तसाही लहान आहे, मोठा बसवा आणि ड्रमांना झाकणं लावा, मग शाई वाळणार नाही. पायगुडे बघू म्हणाले. पुण्यात बघू याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. तेव्हा सर्जेराव केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे बाकीचे. कोणी घोषणा दिली नाही. सर्जेराव एवढंच म्हणाले, "साहेब, पोराला काढायचं नाही, आणि पंखा बसल्याशिवाय त्या खोलीत दुसरा कोणी जाणार नाही." पायगुड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी मुद्देसूद बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, मी स्वतःच्या घराचंच केलं नाही, तुम्ही तरी करा." याला मुद्दा म्हणता येत नाही, पण ते खाली बघून हसले आणि त्यांनी फोन उचलला.

पंखा बसला. मोठा, नळी थेट छपरावर नेलेला. ड्रमांना झाकणं आली, हातमोजे आले, शाई काढायची वेगळी पेस्ट आली. पेस्टला संत्र्याचा वास होता. त्यावर सुरुवातीला बरेच विनोद झाले. ज्ञानदेव पॅकिंगमध्ये कंटाळला, दोनदा माझ्याकडे तक्रार करून गेला. पुढच्या तपासणीत त्याचा आकडा निम्म्याच्याही खाली आला, त्यापुढच्या वेळी तो साधारण माणसासारखा झाला, आणि तो आपल्या खोलीत परत गेला. बाकीचे तिघंही खाली आले. सर्जेरावांच्या मेहुण्याला मात्र त्याच्या जुन्या कंपनीनं परत घेतलं नाही. ते कोणाच्या हातात नव्हतं.

माझी लघवी आता दर वेळी त्यांच्याबरोबर तपासली जाते. ती अट सर्जेरावांनी घातली आणि अक्षतानं लेखी केली. स्कूटर मी लोणीतल्या रंगाच्या गॅरेजवाल्याला दिली. तयार झाल्यावर आप्पांसमोर नेऊन उभी केली. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला.

"हिरवी व्हती की ही," ते म्हणाले. "निळी कशापायी क्येली?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला ज्ञानदेवची आई यवतमाळहून आली. त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं, नऱ्ह्याला, तो आणि त्याचे मित्र राहतात त्या इमारतीच्या गच्चीवर. सर्जेराव होते, बाळकाका होते. बाळकाकांनी स्वतःचा डबा आणला होता आणि सगळ्यांच्या ताटांत डोकावत होते. ज्ञानदेवच्या आईनं गोवऱ्यांवर रोडगे लावले होते, जाड कणकेचे गोळे, निखाऱ्यांवर, राखेत भाजलेले, आणि बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. ज्ञानदेव आईशेजारी बसून एकामागून एक रोडगा तुपात चुरत होता. त्याची आई त्याच्या ताटाकडे बघत होती.

गोवऱ्यांचा धूर वारा फिरेल तसा आमच्याकडे यायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मित्रांनो, या धुरात काय असतं माहितीये का..."

शेफालीनं माझ्याकडे बघितलं.

मी रोडगा मोडला, भाजीत बुडवला आणि खायला लागलो.